सहा मिनिटं उशीर आणि कॉम्रेड्सची शंभर वर्षं

गेले दोन वीकेंड काही लिहिलं नाही, कारण पहिल्या वीकेंडला मी पळत होतो आणि दुसऱ्या वीकेंडला आमच्या सोसायटीचा जिना उतरत होतो. दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागला.

तर झालं असं, की आयुष्यातली पहिली अल्ट्रा पळालो. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब काहीही असलं की ते अल्ट्रा. माझी ५० किलोमीटरची होती, सह्याद्रीतल्या एका घाटात, वेळेची मर्यादा आठ तास. पहिल्या टप्प्यात उतार होता. मी वेड्यासारखा सुटलो, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून स्वतःवरच खूष होत. चौतिसाव्या किलोमीटरला मांड्यांनी नोटीस पीरियड न देताच राजीनामा दिला. पाण्याच्या टेबलापाशी खुर्ची दिसली तर बसलो, बूट काढले, मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाल्ला, आणि परत उभं राहायला वीस मिनिटं घेतली. शेवटच्या दोन किलोमीटरला कळलं होतं की आता काही होत नाही. तरी चालत राहिलो, कारण गाडी तिकडेच लावली होती. पोचलो तेव्हा ८ तास ६ मिनिटं झाली होती आणि दोन पोरं फिनिशची कमान उतरवत होती. त्यातल्या एकाने हातातली दोरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आईचा फोन. "पूर्ण केलंस ना रे?" म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवशी निकालाची पीडीएफ आली. माझ्या नावापुढे डीएनएफ. म्हणजे ह्याने पूर्ण केलं नाही.

तक्रार अजिबात नाही. मी कोड लिहिणारा माणूस आहे. 'वेळ मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नाकारा' ही ओळ मी स्वतः किती ठिकाणी लिहिली असेल, आणि कुणाकुणाचे फॉर्म रात्री बारा वाजून एक मिनिटाने परत पाठवले असतील, देव जाणे. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना: मी आईला खोटं सांगितलं का?

आमच्या टेकडीवरच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत. त्यांना हे सांगितलं तर पुढच्या रविवारी ते खिशातून एक पदक घेऊन आले. अगदी एवढंसं, जेमतेम नाण्याएवढं. "कॉम्रेड्सचं आहे," म्हणाले. "अकरा तास चाळीस मिनिटं लागली मला. वीस-पंचवीस वर्षं आधी हेच केलं असतं तर तुझ्यासारखाच डीएनएफ!" आणि मग पुढचा अख्खा आठवडा मी ऑफिसचं काम सोडून कॉम्रेड्सबद्दल वाचत बसलो. (मॅनेजर हे वाचत नाही अशी आशा.)

कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन ह्या दोन शहरांमधली शर्यत. नावात मॅरेथॉन आहे, पण अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. साधारणपणे एक वर्ष वरून खाली समुद्राकडे, एक वर्ष खालून वर. भारतातून आता दरवर्षी शेकडो लोक जातात, त्यात पुण्या-मुंबईचे भरपूर. सगळे जण स्टार्टलाइनचे आणि फिनिशचे फोटो टाकतात, आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावरचा एक. कारण ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं ते हेच स्टेशन. तिकीट होतं, पैसे भरलेले होते, तरी डब्यात बसायचा अधिकार नव्हता. हा फोटो पर्यटनासाठी काढतात हे ठीक, पण शर्यतीचा इतिहास वाचल्यावर मला वाटलं की स्टेशन आणि शर्यत ही एकच गोष्ट आहे.

शर्यत सुरू केली व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. पहिल्या महायुद्धात हा दक्षिण आफ्रिकेच्या पायदळात होता, आणि पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागात, जर्मन सैन्याचा पाठलाग करत त्याच्या तुकडीने सुमारे २७०० किलोमीटरची पायपीट केली. उन्हात, तापात, अर्धपोटी. युद्ध संपल्यावर त्याला मेलेल्या सोबत्यांचं स्मारक करायचं होतं, पण पुतळा नको होता. त्याचं म्हणणं असं, की कालपर्यंत ऑफिसात खुर्चीवर बसणारे कारकून जर एवढं चालू शकतात, तर तयारीच्या माणसाला ५६ मैल पळायला काय हरकत आहे? त्याने 'लीग ऑफ कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर' ह्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे परवानगी मागितली. १९१८ ला नाही, १९१९ ला नाही, १९२० ला नाही. १९२१ ला हो म्हणाले आणि खर्चाला एक पौंड दिला, तोही परतबोलीवर. (स्टार्टअपवाल्यांनी नोंद घ्यावी.)

२४ मे १९२१ ला ३४ जण पीटरमॅरिट्झबर्गहून निघाले. रस्ता बहुतेक मातीचा. मर्यादा १२ तास. १६ जण पोचले. बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत पहिला आला.

दुसऱ्या वर्षी आर्थर न्यूटन आला आणि तिथून ही शर्यत खरी रंगात आली. वय चाळिशीच्या जवळ, धंदा शेती, पळण्याचा अनुभव जवळपास शून्य. तयारी त्याच वर्षीच्या सुरुवातीला सुरू केलेली. कारणही अफलातून. सरकारने त्याच्या शेताभोवतीचा भाग काळ्या लोकांच्या वस्तीसाठी ठरवला, ह्याला नुकसानभरपाई हवी होती, सरकार दाद देईना. तेव्हा गड्याने ठरवलं की आधी प्रसिद्ध व्हायचं, मग आपलं गाऱ्हाणं लोक ऐकतील. म्हणून पळायला लागला! १९२२ ला जिंकला, मग १९२३, २४, २५ आणि २७ लाही. आज आपण सगळे रविवारी जे लांब आणि सावकाश पळतो, त्या पद्धतीचा तो एक मूळपुरुष. अर्ध्या वाटेच्या जवळ रस्त्याकडेच्या दरडीत एक कोनाडा आहे, तिथे तो विसावा घ्यायचा म्हणतात. अजूनही पळणारे तिथे त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणतात आणि फूल ठेवतात. न ठेवलं तर उरलेली अर्धी वाट जड जाते अशी समजूत.

त्याच १९२२ च्या शर्यतीत बिल पेन नावाचा रग्बी खेळाडूही होता. तो रग्बीचे बूट घालून पळाला. वाटेत हिलक्रेस्टला थांबून त्याने अंडी-बेकनचा नाष्टा केला, पुढे चिकन करी खाल्ली, वर थोडी दारूही घेतली असं सांगतात, आणि तरी आठवा आला. मी एका बटाट्यावर बसकण मारली होती, असो. ती करी तिथे कशी आली, ह्याचा माझा अंदाज सोपा आहे. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचा हा मुलूख. त्यांचा स्वयंपाक शर्यतीत पोचला होता. पण ते स्वतः शर्यतीत उतरू शकत नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. ही शर्यत फक्त गोऱ्या पुरुषांसाठी होती.

१९२३ ला फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने अर्ज केला. नाकारला. ती तरीही पळाली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. मर्यादा तेव्हा बारा तासांची, म्हणजे वेळेत, चांगली पंचवीस मिनिटं राखून. पदक मिळालं नाही. बाकीच्या धावपटूंनी आणि बघायला आलेल्यांनी मिळून तिला चांदीचा टी-सेट आणि एक फुलदाणी दिली. हे वाचून मला आधी हसू आलं, मग राग आला. लोकांनी प्रेमानेच दिलं असणार. पण पुरुषाला पदक आणि बाईला टी-सेट!

१९३५ ला रॉबर्ट म्त्शाली. कॉम्रेड्स पळालेला पहिला काळा माणूस. वेळ ९ तास ३० मिनिटं. अधिकृत निकालात नोंद नाही. शहराच्या एका नगरसेवकाने त्याला वेगळी भेट दिली, तेवढंच. एक गोष्ट लक्षात घ्या, १९२८ पासून मर्यादा बारावरून अकरा तासांवर आणली होती. म्त्शाली त्याही मर्यादेत दीड तास आधी पोचला होता.

इथे माझ्यातला इंजिनियर अडकला. माझं नाव निकालाच्या यादीत आहे. पुढे डीएनएफ आहे, पण ओळ आहे. म्त्शालीची ओळच नाही. सिस्टिमला विचारलं की १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली किती वेळात पळाला, तर उत्तर 'हरला' असं येत नाही, 'असा कुणी युजर नाही' असं येतं. ह्या दोन एररमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या सहा मिनिटांचं दुःख सांगायला मी कुठल्या तोंडाने ही गोष्ट वापरतोय असंही वाटून गेलं. पण वापरतोय, कारण त्या सहा मिनिटांमुळेच तर मी हे वाचलं.

आणि 'कॉम्रेड्स' म्हणजे तरी कोण? ज्या युद्धाची ही आठवण, त्या युद्धात दक्षिण आफ्रिकेचे काळे लोकही गेले होते. त्यांना बंदूक द्यायची नाही असं ठरलेलं. त्यामुळे मजूर म्हणून. २१ फेब्रुवारी १९१७ ला इंग्लिश खाडीत 'मेंडी' नावाचं त्यांचं जहाज धुक्यात दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडालं, त्यात सहाशेहून जास्त काळे मजूर गेले. युद्ध संपल्यावर त्या मजूर दलाला दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने युद्धपदकं दिली नाहीत. ज्या पूर्व आफ्रिकेत क्लॅफम चालला, तिथे सैन्याचं सामान डोक्यावर वाहणारे आफ्रिकन हमाल गोळीपेक्षा उपासमारीने आणि रोगाने जास्त मेले. क्लॅफमच्या मनात हे लोक होते की नाही, ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नियमांत नव्हते, एवढं नक्की.

मग चाळीस वर्षं तसंच. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते ४५ शर्यत बंद. नंतर परत सुरू झाली, वाढली, रस्ता डांबरी झाला. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर वर्णभेद हा सरकारी धोरणाचा पाया झाला, म्हणजे जे आधी रूढीने चाललं होतं ते आता कायद्याने चालू लागलं. १९७५ ला शर्यत पन्नासाव्यांदा भरली तेव्हा कुठे सगळ्या वंशांच्या लोकांना आणि बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला. त्या वर्षी मूळचा लेसोथोचा व्हिन्सेंट राकाबेले विसावा आला. एलिझाबेथ कॅव्हना ही पहिली अधिकृत महिला विजेती. ज्या देशात बाकी जवळपास सगळीकडे दोन रांगा होत्या, तिथे एका रस्त्यावर वर्षातून एक दिवस एकच रांग झाली. ह्याचं फार कौतुक करू नये असं माझं मत आहे. त्याच वेळी वर्णभेदामुळे देशावर ऑलिंपिकची बंदी होती, आणि खेळात थोडी दारं किलकिली करून जगाला दाखवायचं हाही हिशोब त्यात असणारच. पण राकाबेलेला मिळालेलं पदक खरं होतं.

राजकारण काही लगेच सुटलं नाही. शर्यत बरीच वर्षं ३१ मे ला असायची, तो देशाचा प्रजासत्ताक दिन. १९८१ ला प्रजासत्ताकाला वीस वर्षं झाली म्हणून सरकारने समारंभांत शर्यतीलाही ओढलं. काही धावपटूंनी बहिष्कार टाकला, काही जण निषेध म्हणून दंडाला काळी पट्टी बांधून उतरले. त्यात ब्रूस फोर्डाइस होता. लोकांनी शिव्या दिल्या, टोमॅटो मारले. तो जिंकला, आणि पुढे एकूण नऊ वेळा जिंकला. आता विचार करा, टोमॅटो मारणाऱ्यांना पुढची कितीतरी वर्षं त्याच माणसासाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या असतील. :) नंतर १९९५ ला तारीख बदलून १६ जून केली, सोवेटोच्या विद्यार्थ्यांच्या उठावाचा दिवस. अलीकडे सोयीचा रविवार बघतात.

मला सगळ्यात आवडलेलं साल मात्र १९८९. त्या वर्षी सॅम त्शाबालाला पहिला आला. कॉम्रेड्स जिंकणारा पहिला काळा धावपटू. पहिल्या शर्यतीला अडुसष्ट वर्षं झाल्यावर! त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, पाच तासांहून जास्त मागे, वॉली हेवर्ड नावाचा एक म्हातारा येत होता. (फ्रान्सिस हेवर्डचं आणि ह्याचं आडनाव सारखं, बाकी गल्लत करू नका.) हा वॉली १९३० ला एकविसाव्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात जिंकला होता आणि मग चाळिशी ओलांडल्यावर, १९५० ते ५४ मध्ये, अजून चार वेळा. १९८८ ला ७९ व्या वर्षी परत आला आणि ९ तास ४४ मिनिटांत पळून अर्ध्याहून जास्त लोकांना मागे टाकलं. इथे थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. १९८९ ला, ऐंशीव्या वर्षी, पुन्हा उतरला. शेवटी हाल झाले. अकरा तासांच्या मर्यादेत तो १० तास ५८ मिनिटं ३ सेकंदांनी पोचला. एक मिनिट सत्तावन्न सेकंद शिल्लक.

ते एक मिनिट सत्तावन्न सेकंद समजायला तिथला शेवट माहीत हवा. मर्यादा संपत आली की एक अधिकारी फिनिशच्या रेषेवर उभा राहतो, धावपटूंकडे पाठ करून, हातात पिस्तूल घेऊन. पाठ का, तर येणारा माणूस दिसू नये म्हणून. दिसला तर बोट थांबेल. स्टेडियम ओरडत असतं, कुणी दहा फुटांवर असतं, कुणी रांगत असतं, कुणाला दोघांनी खांद्याला धरलेलं असतं. घड्याळ ठरलेल्या आकड्यावर आलं की गोळी उडते आणि रेषा बंद. एक सेकंद उशिरा येणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. मी त्याचे व्हिडिओ बघितले आणि दोनदा लॅपटॉप बंद केला.

क्रूर आहे, कबूल. पण विचार केल्यावर मला ती पाठ पटली. त्या माणसाला येणारा बाई आहे की पुरुष, काळा की गोरा, आजोबा की पोरगा, काहीच दिसत नाही. १९२३ ला आणि १९३५ ला ज्यांनी निकाल लिहिला, त्यांनी नेमकं उलटं केलं होतं. घड्याळ बघितलंच नाही, तोंड बघितलं.

बरं, घड्याळाचा आकडाही काही आभाळातून पडलेला नाही. बारा होते, अकरा केले. २००० ला पंचाहत्तराव्या शर्यतीसाठी परत बारा केले, आणि २००३ पासून कायमचे बारा. अकरा ते बाराच्या मध्ये येणाऱ्यांसाठी नवीन पदक काढलं, त्याला नाव व्हिक क्लॅफमचं. आमच्या काकांच्या खिशातलं हेच. म्हणजे फ्रान्सिस हेवर्डचे ११ तास ३५ मिनिटं आज त्याच पदकाचे. कॉन्फिग फाइलमधला एक आकडा बदलला आणि दरवर्षी एवढी माणसं 'पूर्ण केलं' ह्या बाजूला आली.

आणि २०१९ ला अजून एक पदक सुरू झालं, नऊ ते दहा तासांमध्ये पोचणाऱ्यांसाठी. त्याचं नाव रॉबर्ट म्त्शाली पदक. त्याचे स्वतःचे साडेनऊ तास बरोबर त्याच्या मधोमध येतात. ज्याला पदक दिलं नाही त्याच्या नावाचं पदक आता दरवर्षी गळ्यात घालून लोक विमानात बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांनी केलेला बग फिक्स. उशीर झाला की नाही, तर झालाच. तरी केला हे चांगलं केलं, असं मला वाटतं.

२०२३ ला टेटे डिजाना नावाच्या धावपटूने डर्बनकडे उतरणारी शर्यत ५ तास १३ मिनिटं ५८ सेकंदांत मारली. विक्रम. ह्या माणसाने सिक्युरिटी गार्डची नोकरी केलेली आहे. त्याच वर्षी गेर्डा स्टेन ही बाई ५ तास ४४ मिनिटं ५४ सेकंदांत आली. पहिल्या शर्यतीतल्या पहिल्या पुरुषापेक्षा तीन तासांहून जास्त लवकर. बाईला एवढं अंतर झेपणार नाही म्हणणाऱ्यांना १९२३ लाच उत्तर मिळालं होतं म्हणा.

हे सगळं वाचून झाल्यावर काल रात्री आईला फोन केला. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी पूर्ण केलं म्हणालो ना, तर सहा मिनिटं उशीर झाला होता. यादीत नापास आहे." ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. म्हणाली, "मग परत देता येते का परीक्षा?"

येते. जानेवारीत आहे, तोच घाट, तेच आठ तास. काकांनी सांगितलंय की पहिल्या उताराला ते माझ्या पुढे राहणार आणि मी त्यांना ओलांडलं तर बघून घेतील. आणि ह्या वेळी खुर्चीत बसायचं नाही, बटाटा हातात घेऊन चालायचं. जिना आता नीट उतरता येतोय, त्यामुळे उद्या सकाळी सहाला टेकडी.